रेडकाला चीक, बाळाला गुळपाणी

आत्याने माझ्या बहिणीचं पहिलं दूध न्हाणीत पिळून टाकलं, हे आठवलं की अजूनही माझी कानशिलं तापतात.

अक्काचं ते पहिलंच बाळंतपण. भालकीच्या दवाखान्यातून ती लेकीला घेऊन माहेरी, आमच्या घरी आली. तिथल्या सिस्टरने कन्नडमध्ये बजावलं होतं, अंगावरचंच पाजा, दुसरं काही देऊ नका. पण आत्याने ते घट्ट, पिवळं दूध पाहिलं आणि म्हणाली, "नासकं हाय हे. लेकराला बाधंल." मग वाटीत गुळाचं पाणी आलं, कापसाची वात आली. बाळ वात चोखत होतं आणि अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बी.एस्सी.ला हेच शिकले होते, म्हणून सांगू लागले. आईच्या अंगात बी पेशी असतात. एका पेशीला एकाच तऱ्हेचा जंतू ओळखता येतो. तो भेटला की ती पेशी वाढते आणि त्याला चिकटून अडवणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करते. या घरातलं पाणी, ही धूळ, हा गोठा, या सगळ्यांतले जंतू अक्काच्या पेशींनी आधीच ओळखलेत. बाळाच्या पेशी अजून कोऱ्या आहेत. म्हणून आईची प्रतिपिंडं चिकातून, म्हणजे या पहिल्या पिवळ्या दुधातून, बाळाच्या आतड्याला मिळतात.

आत्याने ऐकून घेतलं. "तुझ्या पुस्तकाला लेकरं किती झाली गं, माय?"

बाळ बघायला आलेल्या बायका खदखदून हसल्या.

याच आत्याने पहाटे उठून माझ्या कॉलेजच्या डब्यासाठी भाकरी थापल्या होत्या. पोरगी शिकू द्या म्हणून वडिलांशी भांडली होती तीच. तिच्यावर ओरडायला जीभ उचलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी म्हैस व्याली. शेजारीण खरवसासाठी तांब्या घेऊन गोठ्यात हजर. आत्या तिच्यावर खेकसली, "ठेव तो तांब्या! आधी रेडकू पिऊ दे पोटभर. चीक न्हाई गेला पोटात तर हगवणीनं जातंय ते!"

माझा तोल सुटला.

"रेडकाचं कळायलंय तुला! मग आमच्या लेकराचा चीक कामून सांडलास?"

"म्हशीची अन् बाईची बरोबरी करायलीस व्हय?"

"न्हाई आत्या. म्हैस नशिबाची हाय. तिचं कुणी मोरीत पिळत न्हाई!"

शेजारीण तांब्यासकट बाहेर सटकली. आत्याने रेडकाचं तोंड म्हशीच्या सडाला लावलं.

मी घरात आले. अक्काने सगळं ऐकलं होतं. गुळपाण्याची वाटी उपडी पडली होती आणि बाळ तिच्या पदराखाली होतं. बाळाच्या ओठाच्या कडेला आलेला थेंब अजून पिवळाच होता. मागून आत्या आली आणि म्हणाली, "डोकं वर धर तिचं. नाक दबायलंय."

आपलं चुकलं असं ती कधीच म्हणाली नाही. संध्याकाळी तिने खरवसाची वाटी माझ्यापुढे ठेवली.

"रुसलीस व्हय?"

मी वाटी परत सरकवली. जे न्हाणीतून वाहून गेलं होतं, ते बाळाला आता कुणीच देऊ शकत नव्हतं.