उजव्या मनगटाचा पट्टा

“वहिनी, आता उजवी का डावी?”

असं विचारताना गुरुजींचे दोन्ही हात हवेत असायचे. एकेका हातात एकेक सुई, मधे एकच लांब दोरा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, माणूस भजनाला बसलाय आणि टाळ कुणीतरी पळवलेत.

तुमच्याही गल्लीत असे एक गुरुजी असतील. सत्यनारायण, वास्तुशांत, लग्नं, मुंजी. स्कूटरच्या हँडलला पिशवी, पिशवीत पोथी आणि पळी-पंचपात्र. संगमनेरातले आमचे गुरुजीही तसेच. फरक इतकाच, की तुमच्या गुरुजींना चामड्याचं वेड लागलं नसेल. आमच्यांना साठीनंतर लागलं. मोबाईलवर त्यांनी कुणा परदेशी माणसाला पाकीट शिवताना पाहिलं आणि गडी कामातून गेला. घोडेगावच्या बाजारात बैलांच्या घुंगरांचे पट्टे विकणाऱ्याकडून त्यांनी चामड्याचे तुकडे आणले आणि ते पिशवीत पोथीशेजारी ठेवले. सूनबाईंनी ते पाहिलं.

“बाबा, घरात देव आहेत. चामडं उंबऱ्याच्या आत नको.”

“मी ज्या मृगाजिनावर बसून संध्या करतो, ते काय रेक्झिनचं आहे?”

पण उंबरा सूनबाईंच्या ताब्यात होता. म्हणून गुरुजींचा सगळा संसार समोरच्या ओट्यावर आला. समोरचा ओटा माझा. चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, मेणाचा गोळा, आणि गुडघ्यांत धरायच्या दोन फळ्या. त्या फळ्यांच्या चिमट्यात चामडं पकडलं की दोन्ही हात शिवायला मोकळे.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “वहिनी, काटाचमचा आहे का?”

मला वाटलं भूक लागलीय. मी उपमा करून आणला, वर काटा ठेवला. गुरुजींनी उपमा हाताने खाल्ला आणि काटा धुऊन चामड्यावर दाबला. सारख्या अंतरावर खुणा उमटल्या. प्रत्येक खुणेवर एक भोक, प्रत्येक भोकात एक टाका. तो काटा मला परत मिळाला नाही.

पहिलं पाकीट देखणं झालं. कडा ओल्या फडक्याने घोटून काचेसारख्या गुळगुळीत केलेल्या. फक्त ते चारही बाजूंनी शिवलेलं होतं.

“गुरुजी, यात ठेवायचं कसं?”

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. “कडा बघा हो,” म्हणाले.

शिवणीची रीत अशी. दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आधी उजवी सुई भोकातून आरपार, मग त्याच भोकातून डावी उलट दिशेने, मग दोन्हीकडे ओढायचं. क्रम बदलला नाही की सगळे टाके एकाच बाजूला झुकतात, वाऱ्यावरच्या बाजरीसारखे. एकदा जरी डावी आधी गेली तरी तो टाका उलटा झुकतो, आणि मग डोळ्यांना तोच दिसत राहतो.

गुरुजी क्रम विसरायचे. म्हणून मी समोर बसून सांगायचं, उजवी, डावी, उजवी, डावी. आणि या कामाला त्यांनी निवडलं कुणाला? मला!

मी जन्माची डावरी. आमच्या आजीने मारून मारून उजव्या हाताने जेवायला लावलं. मी तिच्यासमोर उजव्याने जेवायचे, पाठीमागे डाव्याने, आणि लिहायचे ज्या हातात पेन सापडेल त्याने. त्या गडबडीत डावं-उजवं जे हरवलं ते हरवलंच. पंचविशीत मात्र मी स्वतःला फार हुशार समजत होते. लुना शिकायला निघाले. नवरा मागून ओरडला, “डावीकडे घे!” मी ठामपणे उजवीकडे वळून उसाच्या ट्रॉलीत शिरले. उठून साडी झटकली आणि ट्रॉलीवाल्यालाच विचारलं, “तुला डावं-उजवं कळत नाही का रे?” तो बिचारा माफी मागून गेला. अशी ती बाई.

आमचा जप ऐकून दूधवाला एकदा कॅन खाली ठेवून थांबला.

“आजी, लई दिस ऐकतोय. उजवी-डावी, उजवी-डावी. ह्यो कंचा मंत्र म्हनायचा?”

“गुडघेदुखीचा,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने त्याच्या म्हातारीला आणून ओट्यावर बसवलं. ती तासभर हात जोडून ऐकत होती. जाताना म्हणाली, “हलकं वाटाया लागलं, बया.”

मला हा सगळा खेळच वाटत होता. एक दिवस मी म्हटलं, “गुरुजी, पूजेला उशीर होतोय, राहू द्या ते.”

“हे झाल्याशिवाय पूजेला जात नाही मी,” ते म्हणाले. सुया खाली ठेवल्या. “मागे एका वास्तुशांतीत संकल्प दोनदा सांगितला मी. यजमानाला वाटलं, घर मोठं आहे म्हणून असेल.” ते हसले, मग हसायचे थांबले. “पोथी समोर होती, वहिनी. बोट ओळीवर होतं. तरी पुढचं सगळं कोरं. लोक नव्या घरात विश्वासाने पाटावर बसतात. तिथे मी अर्ध्यावर हरवलो तर? म्हणून रोज सकाळी वीतभर पट्टी शिवतो. इथे तुम्ही माझी पोथी. पोथी बरोबर सांगत असताना ज्या दिवशी माझा हात चुकेल, त्या दिवसापासून पूजा बंद.”

पोथी म्हणजे मी!

आणि आठवड्याच्या आतच टाका उलटा पडला. एक नाही, ओळीने. गुरुजींचा चेहरा उतरला. मोबाईल काढून ते यजमानांना पूजेला येत नाही म्हणून कळवायला निघाले.

“थांबा! मी काय सांगत होते?”

“डावी आधी.”

“मला ही म्हणायची होती,” म्हणत मी हात वर केला.

“हा कुठला हात?”

मी विचार केला. “तुमच्याकडून की माझ्याकडून?”

गुरुजी माझ्याकडे पाहत राहिले. मग जे हसत सुटले ते उपरण्याने डोळे पुसेपर्यंत. “छपाईची चूक! अहो, पोथीतच छपाईची चूक!” फोन पिशवीत गेला आणि ते स्कूटरला किक मारून पूजेला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पट्टा आणला. घुंगराच्या चामड्याचा, जुन्या घड्याळाचं बक्कल, टाके सगळे एका बाजूला झुकलेले. पूजेचा दोरा बांधावा तसा माझ्या मनगटावर बांधला. सवयीने ओठांत मंत्रही पुटपुटले. “हा उजवा. आणि आता समोर नाही बसायचं. माझ्या शेजारी, दोघांची तोंडं एकाच दिशेला.” गल्लीत त्यावरून जे बोललं गेलं ते मी इथे लिहीत नाही. या वयात आपल्याबद्दल कुणी काही बोलतंय, याचंच मला कौतुक होतं.

पट्टा आला आणि माझी चूक होईना. दोन लग्नसराया निघाल्या. पोथी शुद्ध, हात शुद्ध.

मग एका सकाळी मी म्हटलं, “उजवी,” आणि गुरुजींनी शांतपणे डावी घातली. दोरा ओढला. मला वाटलं, मीच चुकले. पट्ट्याकडे पाहिलं. पुन्हा म्हटलं, “उजवी.” पुन्हा डावी. मधेच उजवी, पुन्हा डावी. बाजरीत जनावर घुसावं तशी पट्टी दिसायला लागली. गुरुजींनी चष्मा वर केला आणि पट्टी उजेडात धरली. दोन दिवसांनी लग्न लावायचं होतं.

ते पट्टीकडे बघताहेत तेवढ्यात मी पदराआड पट्टा सोडला आणि दुसऱ्या मनगटावर चढवला.

“अगं बाई! गुरुजी, बघा माझा वेंधळेपणा. आंघोळ करून आले आणि पट्टा भलत्याच हातात घातला. सकाळपासून उलटं सांगतेय तुम्हाला.”

त्यांनी पट्टा पाहिला. मग माझं दुसरं मनगट पाहिलं. तिथे पट्ट्याएवढी फिकट खूण होती. ती त्यांना दिसली की नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

“म्हणजे पोथीचीच चूक,” ते म्हणाले.

“पोथीचीच.”

त्यांनी सुयांतून दोरा काढला. दोन्ही सुया मेणाच्या गोळ्यात टोचून ठेवल्या. “मग लग्नाला दुसऱ्या गुरुजींना सांगतो. पोथी दुरुस्त होईपर्यंत आपण जाणं बरं नाही.”

पोथी दुरुस्त झाली का, हे त्यांनी नंतर कधी विचारलं नाही. मी मात्र खोटं टिकवायचं म्हणून पट्टा कधी या हातात, कधी त्या हातात घालत राहिले. गुरुजी शिवायचे, पण आता विचारायचे नाहीत. टाके पडतील तसे पडायचे. “वारा चहूकडून सुटलाय,” म्हणायचे आणि कडा घोटत बसायचे. पुढे त्यांना रस्ता ओलांडून येणं जमेना. तेव्हा सूनबाईंनी आरी, रापी, मेण, चामडं सगळं उचललं आणि उंबऱ्याच्या आत, देवघराच्या भिंतीला टेकून चटई घातली.

मागच्या थंडीत गुरुजी गेले.

परवा रक्त तपासायला घरी आलेल्या मुलीने माझा पट्टा काढला आणि ओट्यावर ठेवून गेली. तो उचलला आणि थबकले. कोणत्या हातात घालायचा? खूण पाहिली, तर फिकट खूण दोन्ही मनगटांवर.

दोन्ही हातांत पट्ट्याचं एकेक टोक धरून मी हात वर उचलले आणि शेजारी वळून विचारलं, “गुरुजी, उजवा का डावा?”

समोरच्या दारात सूनबाई उभ्या होत्या. त्यांना वाटलं मी हात करून बोलावतेय. त्यांनीही दोन्ही हात वर केले.