फर्नांडिस सरांच्या रोशेलचं कॉलेज

वेंगुर्ल्याच्या आमच्या ज्युनियर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये खुर्च्या कमी आणि सल्ले भरपूर. कुणाच्या घरी काही ठरायचं असलं की ते आधी आमच्या टेबलावर येतं आणि मागे किस्से ठेवून जातं. यंदाचा उन्हाळा गाजवला तो गणिताच्या फर्नांडिस सरांच्या रोशेलने.

पोरीला परदेशात दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक लहानसं लिबरल आर्ट्स कॉलेज, जिथे समुद्रातले जीव आणि इतिहास दोन्ही बरोबरीने शिकता येणार होते. दुसरी भलीमोठी रिसर्च युनिव्हर्सिटी, जिचं नाव सगळ्यांना ठाऊक. रोशेलचा जीव लहान कॉलेजवर, सरांचा मोठ्या नावावर. सोमवारपर्यंत कळवायचं होतं, आणि सर धड हो म्हणेनात, धड नाही म्हणेनात.

*

लहान कॉलेजात म्हणे वर्गात मोजकीच मुलं, आणि प्रोफेसर प्रत्येकाला नावाने ओळखतात. सरांनी ही तक्रार म्हणूनच सांगितली. केमिस्ट्रीच्या शिरोडकर मॅडम डबा उघडता उघडता हळहळल्या, "बिचारी पोरं! दांडी कशी मारणार?"

शिस्तीचे भोक्ते सर त्या दिवशी पहिल्यांदा लहान कॉलेजबद्दल बरं बोलले.

*

घरी सरांनी फिलोमिना वहिनींना युनिव्हर्सिटीचा व्हिडिओ दाखवला. आवार इतकं मोठं की आतल्या आत बस धावते, हे त्यांनी अगदी छाती फुगवून सांगितलं.

वहिनी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण ढवळत होत्या. म्हणाल्या, "बशीचीच वाट बघूची आसा, तर आमचो तळेऱ्याचो नाको काय वायट आसा?"

*

हॉस्टेलची चौकशी करायला सरांनी युनिव्हर्सिटीला मेल केला. क्षणात उत्तर आलं, आपला मेल मिळाला, धन्यवाद. सर खूश. एवढी मोठी माणसं, पण किती तत्पर! त्यांनी आभाराचा मेल पाठवला. पुन्हा तेच उत्तर. पुन्हा आभार.

शेवटी कॉम्प्युटरच्या सावंतने सांगितलं की पलीकडे माणूस नाही, मशीन आहे. आम्ही हसलो. सर हसले नाहीत. "पोर थंय आजारी पडला तर फोन कोण उचलतला रे?" त्यांनी विचारलं. मला खरंच वाईट वाटलं.

*

मग लहान कॉलेजच्या प्रोफेसरांचा व्हिडिओ कॉल आला. रोशेलच्या मागे सर बसलेले. वर इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी. स्क्रीनवर प्रोफेसर दिसले आणि शिक्षक आल्यावर उभं राहायच्या सवयीने सर ताडकन उभे राहिले.

ते बघून समोरचे प्रोफेसरही उभे राहिले. वर कोट, खाली हाफ पँट!

रोशेल म्हणे नंतर एवढंच बोलली, "पप्पा, हंय माणसा आसत."

*

तरीही रविवार उजाडला आणि सरांच्या तोंडून हो निघेना. त्या दिवशी त्यांच्याकडे राखण होती, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाला वर्षाचा नारळ. चर्च सोडत नाहीत, तसा जागेचा राखणदारही ते कधी विसरत नाहीत. गाऱ्हाणं घालायला, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला विनवायला, शेजारचे अंकुश तात्या, होडीवाले. आम्ही सगळे स्टाफरूमकर माडाखाली हात जोडून उभे. तात्या यायच्या आधी रोशेल त्यांच्या घरी जाऊन आली होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

"बा देवा म्हाराजा, ही राखण मान्य करून घे!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"चेडू परमुलखात जाता, तेका सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" सरांचा आवाज सगळ्यात मोठा. डोळे गच्च मिटलेले.

तात्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. "चेडवाच्या मनात जा ल्हान कॉलेज आसा, थंयच तेका धाड! बापाशीच्या मनात कायव किंतु आसात, तर तो दूर कर!"

"व्हय म्हाराजा!"

यावेळीही सरांचाच आवाज मोठा. मग त्यांनी डोळे उघडले. आधी तात्यांकडे बघितलं, मग नारळाकडे, मग पोरीकडे. राखणदारासमोर दिलेला शब्द.

रोशेलने हळूच मोबाईल काढला. "पप्पा, मगे कळवू?"

सरांनी पुन्हा हात जोडले.

"व्हय म्हाराजा."