एका मिशीत कॅमेरा फिटत नाही

साल दोन हजार पंचवीस, वैशाख महिना. अहमदपुरात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. लग्नाची तिथी असली की आम्ही बाहेर, नसली की स्टुडिओत पंख्याखाली. पंख्याखाली माणसं बसली की किस्से निघतात. गिऱ्हाईक फोटो घेऊन निघून जातं, पण ते बोललेलं दुकानातच राहतं. पन्नास वर्षांत किती साठलं असेल ते तुम्हीच बघा.

मी गंगाधर. शाळा चौथीपर्यंत. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर माझी सून सुनीता बसते. ती मला मामा म्हणते आणि माझं ऐकते. म्हणजे अर्धं ऐकते. नांदेडला रफिकभाईंची लॅब आहे. आमचे अल्बम, फ्लेक्स, बॅनर सगळं तिथं छापतं. त्यांच्याकडं बालाजी नावाचा ऑपरेटर आहे. आमचं मंडळ एवढंच, चौघांचं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. रोलच्या जमान्यात नायगावच्या एका लग्नात मांडवाचा डांब पडला तो नेमका माझ्या कॅमेऱ्यावर. कॅमेरा गेला. लग्नसराई नुकतीच लागली होती. रफिकभाईंनी स्वतःच्या गळ्यातला कॅमेरा काढून माझ्या गळ्यात घातला. अख्खी सराई मी त्यावर काढली. ते मात्र त्या वर्षी डार्करूममध्ये बसून दुसऱ्यांचे रोल धूत राहिले.

कॅमेरा परत देताना मी म्हणालो, "हे मी फेडणार."

ते म्हणाले, "फेडो ना! कौन रोका?"

तेव्हापासून वादात हरायची वेळ आली की रफिकभाई चार माणसांत म्हणतात, "गंगाधरराव, वो कॅमेरा अभी बाकी है!" मी कुणाचा चहासुद्धा अंगावर ठेवत नाही. आता सत्तरी ओलांडली. हे देणं डोक्यावर घेऊन जायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

* * *

भोकरकडच्या एका भावी सरपंचाचा वाढदिवस होता. वीस फुटी फ्लेक्स पाहिजे. फोटो? मोबाईलवरचा. तोही कुणीतरी कुणाला पाठवलेला, तिथून ह्याला आलेला, तिथून बालाजीला आलेला.

मी त्या दिवशी लॅबमध्येच होतो. म्हणालो, "रफिकभाई, हा फोटो पाठवून पाठवून चोथा झालाय. छापू नका."

भावी सरपंच म्हणाले, "आवं काका, मोबाईलवर तर झकास दिसायलंय!"

"मोबाईल वीस फुटाचा हाय का तुमचा?"

रफिकभाईंनी छापलाच. संध्याकाळी फ्लेक्स चौकात लागला. तोंडाचे नुसते चौकोन. न्हाणीत बसवलेली फरशी बरी. भावी सरपंच खाली उभे राहून बघत होते. बायकोला म्हणाले, "हे मी हाय का?"

ती म्हणाली, "मिशी तुमचीच हाय."

दुसऱ्या दिवशी रफिकभाईंचा फोन आला. त्या माणसाच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. मूळ फाइल माझ्याकडं होती. मी पेन ड्राइव्हवर घालून सकाळच्या बसने पाठवली. नवा फ्लेक्स असा निघाला की मिशीचा केस न् केस मोजून घ्या!

मी फोन करून विचारलं, "झालं का? फिटलं?"

"गंगाधरराव, एका मिशीत कॅमेरा फिटतो का?"

* * *

सुनीता नवी होती तेव्हाची गोष्ट. गावातल्याच एका लग्नाचा अल्बम. नवऱ्या मुलाची आई रोज यायची. आज म्हणे नवरी गोरी करा. उद्या म्हणे एवढी नको, ओळखू येईना. परवा म्हणे मागचा तो माणूस काढा, त्याच्याशी आमचं बोलणं न्हाई. दोन दिवसांनी म्हणे राहू द्या, बोलणं झालंय.

सुनीता दर वेळी तीच जेपीईजी उघडायची, दुरुस्त करायची आणि त्याच फाइलवर सेव्ह करायची. जेपीईजीचा स्वभाव असा की दर सेव्हला ती थोडं गाळून टाकते. एकदोनदा कळत नाही. मग कळतं.

अल्बम छापून आला. बाईंनी पहिलं पान उघडलं आणि किंचाळल्या, "माझ्या सुनेच्या गळ्यातलं सोनं कुठाय?"

बघितलं तर खरंच. राणीहाराचे मणी वितळून पिवळा पट्टा झालेला. नक्षी नाही, कडा नाही. बाई म्हणाल्या, "एवढा नऊवारी पदर दिसायलाय, अन् दागिने तेवढे कुणी पळवले?"

सुनीता हळूच म्हणाली, "मामा, फाइलनं खाल्ले."

त्या दिवशी मी नियम घातला. मूळ फाइलला हात लावायचा नाही. काम वेगळ्या फाइलवर, लेयर म्हणजे दुरुस्तीचे थर उघडे ठेवून. जेपीईजी अगदी शेवटी, एकदाच, आणि क्वालिटी सगळ्यात वरच्या आकड्यावर, बारावर. खाली नाही.

रफिकभाईंना हे कळलं. लॅबमध्ये गर्दी असताना मोठ्यानं म्हणाले, "वा! मालक चौथी पास अन् फाइल बारावी पास पाहिजे!"

सगळे हसले. मी हसलो नाही. नियम मात्र आजही तोच आहे.

* * *

हा किस्सा बालाजीचा. निवडून आलेल्या एका भाऊंचा बॅनर होता. मागं गुलाबाचा हार पाहिजे. बालाजीनं इंटरनेटवरून हार घेतला. पीएनजी होता म्हणे. पीएनजीत मागची बाजू रिकामी ठेवता येते, म्हणजे हार कुठंही चिकटवा, मागचं दिसतं. कॉम्प्युटर ती रिकामी जागा पांढऱ्या-करड्या चौकटींनी दाखवतो. पण ह्या हाराला त्या चौकटी कुणीतरी रंगवूनच ठेवल्या होत्या. बालाजीला वाटलं, नेहमीच्याच चौकटी आहेत, छपाईत जातील.

गेल्या नाहीत.

बॅनर बसस्टँडसमोर लागला. भाऊ मध्ये हात जोडून, चारी बाजूंनी चौकटीच चौकटी. एक म्हातारा थांबून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "भाऊ बुद्धिबळात निवडून आलेत का?"

* * *

नायगावकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. परीक्षेचा ऑनलाइन फॉर्म होता. फोटो पन्नास केबीच्या आत पाहिजे, नाहीतर फॉर्म घेत नाही. सुनीतानं फोटो काढला, साईज कमी केली, क्वालिटी खाली आणली, बसवला पन्नासच्या आत.

गृहस्थ स्क्रीनकडं बघून अस्वस्थ. म्हणाले, "बाई, एवढा बारका केलाव, तर नोकरी बी बारकीच लागंल की!"

सुनीता म्हणाली, "काका, सगळ्याच पोरांचे एवढेच असतेत."

"सगळ्यांचं मला नका सांगू. आमच्याला दोनचार केबी वाढवून द्या."

तिनं सत्तेचाळीसचा एकोणपन्नास करून दिला. गृहस्थ खुशीत गेले. पोराला पुढं नोकरी लागली. ते आजही सांगतात, त्या दोन केबीनं लागली!

* * *

रफिकभाईंचं आणि माझं खरं भांडण टिफवरून. टिफ फाइल काही गाळत नाही. जे आहे ते सगळं ठेवते. म्हणून अवजड होते. मी एकदा अख्खा अल्बम टिफमध्ये पाठवला. लॅबचा कॉम्प्युटर सकाळी उघडायला लागला तो जेवणापर्यंत उघडतच होता.

फोन आला. "गंगाधरराव, फाइल पाठवली का म्हैस?"

"म्हैसच आहे. धार काढून बघा."

"अरे मियाँ, जेपीईजीमध्ये भेजो! लोकं अल्बम भिंग घेऊन बघतेत का?"

"बघतील त्या दिवशी तुम्हीच माझ्याकडं याल."

"आधी कॅमेरा, बाद में भिंग!"

त्याच सराईत बालाजीला टायफॉइड झाला. लॅबमध्ये कामाचा ढीग. मी सुनीताला पाठवलं. तिची आत्या नांदेडलाच राहते, तिथं मुक्काम करून तिनं लॅबचं सगळं काम उपसलं. बालाजी उठून कामावर आला तेव्हा एकही अल्बम थकलेला नव्हता. मला वाटलं, आता तरी झालं.

रफिकभाईंनी सुनीताला साडी दिली. मला म्हणाले, "सुनबाईनं तिचं नाव कमावलं. तुमचं तसंच बाकी!"

परत येताना बसमध्ये सुनीता म्हणाली, "मामा, ते मस्करी करायलेत. तुम्ही मनाला कामून लावून घेताव?"

म्हटलं, "देणं माझं आहे. मस्करी त्यांची असू दे."

* * *

आता ह्या वैशाखातलं.

रफिकभाईंच्या नातीचं, समीनाचं लग्न झालं. बिनबापाची पोर. रफिकभाईंनीच वाढवली. सासर हैदराबादचं. आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. फोटोला बालाजी होता. पण मी कॅमेऱ्याशिवाय मांडवात बसू शकत नाही. हात कुठं ठेवावेत कळत नाही. सुनीताला समीनानंच सांगितलं होतं, "भाभी, बायकांत तुम्हीच काढा. बालाजीभय्याला आत येता येत नाही." म्हणून आमचे दोन्ही कॅमेरे सोबत होते.

रफिकभाई चिडवायला आलेच. "पाहुणा बनके आये, या कामपर?"

तीन दिवसांनी बालाजीचा सुनीताला फोन आला. ती ऐकत राहिली आणि खुर्चीत बसली. मग मला सांगितलं.

झालं असं. लॅबमध्ये एक सोय करून ठेवलेली आहे. बटण दाबलं की फोल्डरमधले सगळे फोटो आपोआप बारके होतात, मोबाईलवर पाठवायला. बालाजी ते नेहमी कॉपीवर चालवतो. लग्नानंतर रिवाजाप्रमाणे माहेरी आलेल्या समीनाला सासरच्यांना फोटो पाठवायचे होते. तिनं आजोबांच्या मागं घाई लावली. बालाजी जेवायला गेला होता. रफिकभाई स्वतः बसले आणि बटण दाबलं. कॉपीवर नाही. मूळ फोल्डरवर. एकेक फोटो उघडला, बारका झाला, त्याच नावानं सेव्ह झाला, बंद झाला. सगळं लग्न तळहाताएवढं होऊन बसलं. कॅमेऱ्यातली कार्डं तर दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी आधीच पुसून वापरलेली.

सगळ्या जिल्ह्याचे अल्बम छापणाऱ्या माणसाच्या घरात नातीचा अल्बम होणार नव्हता. आणि ती चार दिवसांत परत हैदराबादला जाणार होती.

सुनीता म्हणाली, "बालाजी म्हणायलाय, ते कुणाशीच बोलंनात. मशीनसमोर नुसते बसून राहायलेत. तुम्हाला फोन करतो म्हटलं तर 'न्हाई' म्हणाले."

मी म्हणालो, "उघड आपले."

आमचे सगळे रॉमध्ये होते. रॉ म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेला कच्चा माल. त्यावर कुणी वरून सेव्ह करू म्हटलं तरी होत नाही. पुरुषांकडचे माझे, बायकांकडचे सुनीताचे. बालाजीनं काढले तेवढे नव्हते. पण निकाह होता. मेंदी होती. आणि पोर सासरी निघाली तो क्षण होता. समीनानं आजोबांच्या शेरवानीची बाही धरलेली, आणि आजोबा दुसरीकडं बघतायत.

दोघांनी बसून अल्बम लावला. सुनीतानं मला न विचारता टिफ केले. मी हार्ड डिस्क पिशवीत घातली आणि नांदेडची बस धरली.

लॅबमध्ये रफिकभाई म्हणाले, "कैसे आये?"

म्हटलं, "छपाई आहे."

बालाजीनं डिस्क लावली. पहिलीच फाइल त्या बाहीची होती. रफिकभाईंनी बालाजीला उठवलं आणि स्वतः बसले. फोटो मोठा केला. अजून मोठा केला. बोटांवरची मेंदी आली. मेंदीतली रेघ आली. बाहीवरची जर आली, जरीतला सुटलेला धागा आला. ते मोठा करत गेले आणि फोटो फुटेना.

ते उठले. मागं जाऊन तोंड धुऊन आले. छपाई स्वतः लावली. पहिलं पान निघालं ते मला दाखवलं नाही. स्वतःच दोन्ही हातांत धरून उभे राहिले. बालाजी चहा घेऊन आला. आम्ही प्यालो.

मी निघालो तर तेही निघाले, कॅमेऱ्याचं नाव न काढता. एवढ्या वर्षांत मला बसस्टँडवर सोडायला ते कधी आले नव्हते. सराईची गर्दी. अहमदपूरची बस लागली तशी माणसं तुटून पडली. रफिकभाई माझ्यापेक्षा वयानं मोठे. ते त्या गर्दीत घुसले, टाचा उंच केल्या आणि खिशातला रुमाल खिडकीतून आत टाकून माझी जागा धरली.

मी चढलो. रुमालावर कुणी बसलं नव्हतं. मी त्याची घडी घातली आणि खिडकीतून त्यांना परत दिली.

त्यांनी घेतली. बस निघाली.