शोकेसमधला बेस

यूनुस मुकादमला मी बारावीच्या सहामाहीत फिजिक्समध्ये चौतीस मार्क दिले होते. एक मार्क वाढवून दिला असता तर पास झाला असता. नाही दिला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्याचं कौतुक केलं तर ते ओळखीपोटी आहे असं कुणाला वाटायला नको.

पुढे तो कुवेतला गेला. तिथल्या एका दुकानात टीव्हीचे खोके उचलायला लागला आणि अकरा वर्षांनी लोकांच्या घरात होम थिएटर बसवणारा पक्का कारागीर होऊन पनवेलला परतला. २०१२ साली माझ्या नवीन पनवेलच्या फ्लॅटची बेल वाजली, तेव्हा दारात हा उभा. हातात कापडी पिशवी, पिशवीत चाळीस-एक सिनेमांच्या डिस्क.

"मॅडम, तुमची एक दुपार पाहिजे."

"कशाला? चौतीसचे पस्तीस करून हवेत?"

"आता काय उपयोग? आता मला सीन निवडून द्या."

विचुंब्याच्या कमळाकर भगतांनी नवा बंगला बांधला होता आणि त्याचा अख्खा खालचा हॉल होम थिएटरसाठी ठेवला होता. आठ वेगवेगळे स्पीकर आणि जमिनीवर ठेवायचा, लहान कपाटाएवढा एक वूफर. खोल, जाड आवाज काढणारी ती पेटी. काम यूनुसला मिळालं होतं. रविवारी शेटच्या नात्यातली चार घरं बघायला येणार होती. त्यांना पसंत पडलं, तर विचुंबे आणि सुकापूर मिळून चार कामं. नाही पडलं, तर सोमवारी कुवेतच्या जुन्या मालकाला होकार कळवायचा. तिकीटही तोच पाठवणार होता.

"खतीजा काय म्हणते?" मी विचारलं. खतीजा म्हणजे त्याची बायको.

"ती काही म्हणत नाही. बॅग कपाटावरून उतरवून ठेवलीय, एवढंच." मग म्हणाला, "मॅडम, थोरली जिक्रा चार वर्षांची होईपर्यंत मला 'फोनवाले अब्बा' म्हणायची. आता धाकटी यूम्ना बोलायला लागलीय."

मला रडगाणी आवडत नाहीत, पण हे रडगाणं नव्हतं. मी चहा टाकला आणि टीव्हीसमोर बसले.

आयुष्यात इतके सिनेमे इतके अर्धवट मी कधी पाहिले नव्हते. यूनुसने पहिल्यांदा जे लावलं ते सगळं धडाडधूम. पूल उडतोय, गाड्या उडतायत, माणसंही उडतायत. मी म्हटलं, "अरे, यात वूफरची परीक्षा कशी होणार? फटाक्यांच्या माळेत तबल्याची लय कोण तपासतं?"

"तेच म्हणतो मी. पण लोकांना हेच पाहिजे असतं."

"लोकांचं नंतर. आधी आवाजाचं बघू."

मग आम्ही नीट निवडायला बसलो. आवाज खोल हवा, लांबलचक हवा, त्यावर संगीत नको, किंचाळणं नको. हळूहळू वाढत जायला हवा. आणि मग एकदम तुटायला हवा. हे तुटणं यूनुसचं; मला सुचलं नसतं. तो म्हणाला, "आवाज चालू असताना सगळ्या खोल्या चांगल्या वाटतात, मॅडम. बंद झाल्यावर जी खोली गुमान गप बसते ती चांगली. बाकीच्या मागे घुमत राहतात." चौतीस मार्कांचा मुलगा! मी मनातल्या मनात तो एक मार्क देऊन टाकला.

एक पाणबुडी सापडली. ती काळ्या पाण्यात खाली खाली जाते, वरच्या पाण्याचा दाब वाढतो, पत्रा कण्हायला लागतो; आणि तळाला टेकली की सारं शांत. दुसऱ्या सिनेमात एक जाड आवाजाचा म्हातारा रिकाम्या दालनात पत्र वाचत बसतो. तो कशाला? तर वूफर जास्त झाला की माणूस पिंपातून बोलल्यासारखा ऐकू येतो, ते पकडायला. संध्याकाळपर्यंत चाळीसातून हे दोनच सीन उरले. बाकीच्या डिस्क यूनुसने पिशवीत परत भरल्या तेव्हा माझं डोकं भणभणत होतं.

त्याचं काम बघायला मी मुद्दाम एकदा विचुंब्याला गेले. बघण्यासारखंच होतं. पठ्ठ्याने तो वूफर उचलून सोफ्यावर, कमळाकरशेट बसायचे त्या जागी ठेवला, पाणबुडी लावली आणि स्वतः गुडघ्यांवर येऊन भिंतीच्या कडेकडेने रांगायला लागला. कान जमिनीलगत. कारण साधं आहे. वूफर माणसाच्या जागी ठेवला, तर जिथे बसून आवाज सगळ्यांत स्वच्छ ऐकू येतो, तीच शेवटी वूफरची जागा. पण हे शेटच्या आईला, वेणूबायला कोण सांगणार?

"पोरा, काय हरावलं?" तिने विचारलं.

"काही नाही, आजी. आवाज शोधतोय."

"सापारला का सांग. मना बी दिसत नाय नीट." म्हातारी स्वतःच हसली आणि त्याला रांगताना बघत शेवया खात बसली.

त्याच दिवशी शेट मध्येच डोकावले. पाणबुडी खोल चालली होती आणि अख्खा हॉल थरारत होता. शेटचा चेहरा असा फुलला! "यो बेस! याला म्हनतात बेस!" त्यांनी तिथूनच दोन नातेवाइकांना फोन केले. मीही खूश झाले. यूनुस मात्र कपाळाला आठ्या घालून भिंतीकडे बघत होता.

त्या भिंतीला काचेची शोकेस होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आत कप. शेटच्या मुलाने, मितेशने, गावोगावच्या क्रिकेटमध्ये जिंकलेले, आणि शेटच्या तरुणपणातले बैलगाडीच्या शर्यतीतले. एकूण त्रेसष्ट. आमच्या या पट्ट्यात घराची खरी श्रीमंती तिजोरीत नसते, शोकेसमध्ये असते.

शनिवारी यूनुसचा फोन आला. "मॅडम, खोली एकदम साफ झाली. आता तुम्हाला पाणबुडीचा पत्रा न् पत्रा वेगळा ऐकू येईल."

"केलंस काय?"

"उद्या बघा. आणि उद्या तुम्ही नुसत्या बसा. तुम्ही असलात की माणसं कमी बोलतात."

रविवारी जेवणं उरकून दहा-बारा माणसं हॉलमध्ये बसली. शेट मधोमध, एका बाजूला वेणूबाय, दुसऱ्या बाजूला सुकापूरचे साडू. मितेशने पडदे ओढले. पाणबुडी खाली निघाली. खरं सांगते, इतका सुंदर आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. जमिनीतून वर येणारा, पोटात उतरणारा, कुठेही न खरखरणारा. पत्रा कण्हला. पाणबुडी तळाला टेकली. शांतता.

आणि त्या शांततेत शेट म्हणाले, "बेस कुटं गेला?"

यूनुसला कळलंच नाही. "शेट?"

"त्या दिशीचा बेस हाय ना, तो यो नाय. मशीन बदललीस काय?"

"नाही शेट, मशीन तीच आहे. तुमच्यासमोर खोका फोडला."

साडू मांडीवर थाप मारून म्हणाले, "दाजी, यापरीस आपल्या हळदीचा डीजे बरा. भिंती तरी हालतात!"

हशा पिकला. यूनुस समजावायला लागला. अमुक हर्ट्झ, तमुक हर्ट्झ. जितका तो समजावत गेला तितके चेहरे थंड होत गेले. मला ते बघवेना. मी नजर वळवून त्या शोकेसकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशी थरारत होते ते कप! त्रेसष्ट पितळी-पत्र्याचे कप काचेवर नाचत होते आणि शेट त्यालाच बेस समजून बसले होते.

मी उठले, काच सरकवली आणि एक कप उलटा केला. तळाला जाड मऊ कापडाची गोल चकती, नीट कापून चिकटवलेली. दुसऱ्यालाही. सगळ्यांना. खोलीत कुठे काही खडखडू नये म्हणून या शहाण्याने शनिवारचा अख्खा दिवस घालवून त्रेसष्ट चकत्या लावल्या होत्या.

मी नखाने एक चकती सोलली, कप काचेवर ठेवला. "लाव परत."

पाणबुडी पुन्हा निघाली. खर्रर्रर्र!

"आला!" शेट जवळजवळ उभेच राहिले. "आला का नाय?"

"काय आला? तुमच्या मितेशचा कप आला!" मी म्हटलं.

सगळा हॉल फुटला. साडू तर उशी तोंडात धरून हसले. मीही हसले, आणि तिथेच चुकले. कारण शेट हसत नव्हते. त्यांनी मितेशला पडदे उघडायला सांगितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे आमी येरे."

स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाहुण्यांसमोर वेडा ठरलेला माणूस कुणाला कामं मिळवून देत नाही. यूनुसने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण असं की मला जीभ चावावीशी वाटली. चाळीस वर्षं वर्गात मुलांची चूक चारचौघांत दाखवायची सवय. पण इथे माझ्या त्या सवयीची शिक्षा त्याला होणार होती. मला काही सुचेना. अशी वेळ माझ्यावर फार येत नाही.

सुचलं यूनुसला. तो शोकेसपाशी गेला आणि मागच्या रांगेतून सगळ्यांत जुना, काळवंडलेला कप त्याने काढला.

"शेट, हा कुठला?"

शेटनी नाइलाजाने बघितलं. "तो होय? माझी पयली शर्यत. सोन्या न् राजा जोरी होती माझी."

"हा मांडीवर घ्या. दोन्ही हातांनी धरा. जरा ढिला." मग तो पाहुण्यांकडे वळला. "तुम्ही पण घ्या एकेक. मितेशभाई, वाटा सगळ्यांना."

दहा-बारा धडधाकट माणसं मांडीवर कप घेऊन ओळीने बसली, बक्षीस समारंभ उलटा झाल्यासारखी. मलाही एक मिळाला, उत्कृष्ट क्षेत्ररक्षकाचा. पडदे पुन्हा ओढले. पाणबुडी सुटली.

आधी काहीच नाही. मग माझ्या तळव्यांत बारीक झिणझिण्या सुरू झाल्या. कानाला अजून धड ऐकूही येत नव्हतं तेव्हा कप थरथरत होता. खोल जाईल तशी थरथर मनगटात, मग कोपरात. कुणी हसेना. आणि पाणबुडी टेकली त्या क्षणी सगळे कप एकदम गप्प.

सगळ्यांत आधी वेणूबाय बोलली. "खाणीन सुरुंग उरवायचे ना, तवा आदी माजी चूल अशी हालायची. आवाज मांगशी यायचा."

अगदी बरोबर. हवेतून कानापर्यंत यायच्या आधी आवाज जमिनीतून पोचतो, हेच समजावायला मी वर्गात दोन तास घेत असे.

शेट कपाकडे बघत होते. "सोन्या-राजा सुटायच्या आदी गारीची धुरा हातान अशीच कापायची," ते म्हणाले. मग खाकरून यूनुसला म्हणाले, "परत लाव."

तीनदा लावलं. साडूंनी चौथ्यांदा लावायला लावलं.

पण शेट व्यवहारी माणूस. शेवटी म्हणाले, "मना कललं. पन उद्या पावना आला तं त्याला काय सांगू? परतेकाच्या मांडीवर कप देत फिरू? कप वाजाया पायजेत."

"शेट, ती आवाजातली खोट आहे," यूनुस कळवळला. "मी माझ्या हाताने खोट कशी ठेवू?"

"यूनुस," मी म्हटलं, "एक कप."

त्याने तोंड कडू केलं. पण कामाला लागला, आणि साधं नाही लागला. एकेका कपाची चकती काढून बघायची, पाणबुडी लावायची, मग पत्र वाचणारा म्हातारा लावायचा. म्हातारा बोलताना खडखडला तो कप बाद. पाणबुडी अर्ध्या वाटेवर असताना वाजला तोही बाद. दोन चहा झाले. अखेर एक असा सापडला, की म्हातारा बोलताना मुका आणि पाणबुडी तळाशी पोचताना, नेमक्या त्या जागी, एकदाच 'खर्रर्र'. सोन्या-राजाचाच होता तो. यूनुसने तो पुढच्या रांगेत मधोमध ठेवला. शेटच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवसाचं हसू परत आलं.

"आमच्याकडं कधी येतंस?" साडूंनी विचारलं. मग चेहरा पाडून, "पन आमच्या घरान कप नाय एक बी."

"घेऊन जा यातला," शेट राजासारखे म्हणाले. "नीट वाजनारा बगून घे."

सोमवारी यूनुसने कुवेतला फोन करून नाही म्हणून सांगितलं. चार कामांची पुढे अकरा झाली आणि आता विचुंबे, सुकापुरात प्रत्येक हॉलमध्ये चकती नसलेला एक कप असतोच. रोडपालीच्या एका माणसाने तर यूनुसला 'कपवाला' म्हणून शोधत यावं! त्याला ते नाव मुळीच आवडत नाही. मला आवडतं.

खतीजाने ती बॅग परत कपाटावर चढवली नाही. तिच्यात आता कापडाच्या चकत्या, कात्री आणि दोन डिस्क असतात. यूनुस ती मोटरसायकलला बांधून कामावर जातो, तेव्हा यूम्ना गॅलरीतून ओरडते, "अब्बा, जेवायला या!" आणि तो येतो.