शाळेत वारं येणार

बाळांनो,

आजोबांवरचा तुमचा निबंध पोहोचला. शुद्धलेखनाच्या अकरा चुका मी तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत. बारावी चूक पेन्सिलीच्या आवाक्यातली नाही. तुम्ही लिहिलंय, ‘आमच्या आजोबांनी आकाशाला गवसणी घातली.’ अरे, तुमचे आजोबा माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावरसुद्धा चढत नसत. चक्कर यायची. विमानात बसले की डोळे मिटून माझा हात घट्ट धरायचे. पुढच्या रविवारी तुम्ही तिकडच्या मराठी शाळेत हा निबंध सगळ्यांसमोर वाचणार आहात. त्याआधी खरं काय ते कळवते.

आजोबांनी सगळी नोकरी बंगळूरला विमानांचे पंख तपासण्यात घालवली. पंखावरून हवा कशी वाहते ते मोजायचं आणि नव्या इंजिनियरांना शिकवायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर आम्ही त्यांच्या गावी, येडशीजवळ, राहायला आलो. गावात विमानाला ‘इमान’ म्हणतात, म्हणून ते झाले ‘इमानाचे सर’.

शाळा सुटल्यावर मुलांना विज्ञान शिकवायचं त्यांनी मनावर घेतलं. मुख्याध्यापकांनी तांदळाची पोती ठेवायची खोली रिकामी करून दिली, पण अट घातली. “सर, महिनाअखेरीला वीस पोरं बसली तर खोली तुमची. न्हाय तर पोती परत आत.”

पहिल्या आठवड्यात पाच मुलं आली. दुसऱ्यात तीन, आणि त्यातलं एक झोपायला. तुमच्या आजोबांना जेवण जाईना. मोठमोठ्या लोकांना शिकवलेला हा माणूस, आणि स्वतःच्या गावातली पोरं काही जमेनात. “खोली गेली तर मी इथं काय करू?” असं त्यांनी मला दोनदा विचारलं. एरवी ते कुठलाही प्रश्न दोनदा विचारत नसत.

मग त्यांनी पेटी बनवली. प्लायवूडची, लांबलचक, एका बाजूला काच, टोकाला जुन्या कूलरचा पंखा. आत विमानाचा वीतभर लाकडी पंख, दोन सळयांवर वरखाली सरकेल असा. हवा डोळ्यांना दिसावी म्हणून तोंडाशी उदबत्त्या. मंगळवारी दुपारी वीज हमखास असायची, म्हणून मंगळवार ठरला.

“अगं, तुझं अक्षर चांगलं आहे, तूच फळा लिही,” म्हणाले, आणि हवेच्या प्रयोगाबद्दल इंग्रजीत दोन ओळी खरडून दिल्या. मी शाळेबाहेरच्या फळ्यावर सुवाच्य मराठीत लिहिलं: ‘मंगळवारी चार वाजता शाळेत वारं येणार. सर्वांनी यावे.’

आता हे तुम्हाला सांगायला हवं. इथल्या भागात एखाद्याच्या अंगात देवी आली की ‘वारं आलं’ म्हणतात. आणि मंगळवार हा देवीचा वार.

चार वाजता पटांगण भरलं. बायका हळदकुंकवाची ताटं घेऊन आल्या होत्या. एका गृहस्थाने नारळ तर आणलाच होता, तो फोडायला दगडही आणला होता. आतून उदबत्त्यांचा वास येत होता, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. मुख्याध्यापक धावत आले.

“सर, काय मांडलंय हे? शाळा हाय ही!”

आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला. आम्हाला दूध घालणारी शेजारची म्हातारी पुढे झाली.

“आवं सर, तुमाला इमानाचे सर म्हंत्यात. तवा इमानानं सांगा, वारं कुनाच्या अंगात येनार?”

“कुणाच्याच नाही, मावशी. या पेटीच्या अंगात.”

त्यांनी बटण दाबलं. धुराच्या रेघा सरळ आल्या, लाकडी पंखाच्या पाठीवरून वळल्या आणि पंख वर उचलला गेला. कुणीतरी सवयीने ‘उदो उदो’ म्हटलं.

म्हातारी काचेला नाक लावून बघत होती. “ह्येच व्हय? वाऱ्यात सूप तिरकं धरलं की असंच हात उचलतंय. धान्य उपनताना आमी बघतोच की.”

“मावशी, हे समजायला मला कॉलेजात चार वर्षं लागली.”

“तितकी वर्सं सूप धरलं असतं तर लवकर समजलं असतं.”

सगळं पटांगण हसलं. सर्वांत मोठ्याने आजोबा. त्यांनी लगेच एक सूप मागवलं आणि म्हातारीलाच शिकवायला उभं केलं. ती सुपातलं सांगायची, ते विमानातलं. दुसऱ्या दिवशी बायकांनी आपापली पोरं पाठवली. “जा, सर त्या दूधवाल्या आजीकडनं काय शिकले बगून ये!” महिनाअखेरीला मुख्याध्यापकांनी मुलं दोनदा मोजली. एकतीस भरली. तांदळाची पोती मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली.

आजोबा शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, “हिला आमच्याकडचं मराठी कळत नाही. केवढा घोटाळा करून ठेवला होता!” मी मुकाट्याने चहा ओतायचे. मला कळत होतं. वारं म्हणजे काय, हे त्या म्हातारीनेच मला फळा लिहायच्या कितीतरी आधी सांगितलं होतं.

आजोबा गेल्यावर मी तिच्याजवळ कबूल केलं. म्हटलं, “तुम्हाला फसवलं, त्याची लाज वाटते.”

“आवं बाई, देवीचं वारं काय फळ्यावर टाइम लिवून येतंय व्हय?” ती म्हणाली. “सर रोज तोंड पाडून घरी जायचे. म्हनून तर मी समद्या बायकांस्नी ताटं घ्यायला लावली.”

तुमचा निबंध आता दुरुस्त करा. खोली अजून वर्गाचीच आहे. त्या एकतीसमधली एक मुलगी आता तिथे शिकवते. पेटीची काच तडकली आहे, कूलरचा पंखा दोनदा बदलला आहे. पेटी चालते.