कात्रीबाईंची रुडबेकिया

आमच्या शेजारच्या बाईंना सगळी गल्ली कात्रीबाई म्हणते, आणि हे नाव मीच पाडलं असा त्यांचा पक्का समज आहे. तो खरा आहे, पण मी अजून कबूल केलेलं नाही.

शर्टांच्या कारखान्यात त्या सव्वीस वर्षं होत्या. शिवून झालेला शर्ट त्यांच्या टेबलावर यायचा. तो उलटा करायचा, शिवण न् शिवण बोटांनी चाचपायची, लोंबणारे धागे कापायचे आणि कॉलरमध्ये 'पास'ची चिठ्ठी घालून पुढे सरकवायचा. दिवसाला चारशे शर्ट. त्यासाठी बोटभर लांबीची एक कात्री असते, तिला नाडी बांधून ती गळ्यात अडकवायची. निवृत्तीनंतर टेबल गेलं, चारशे शर्ट गेले, पण गळ्यातली कात्री राहिली.

तिचा ताप आम्हाला. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत आहे. एकदा एक गिऱ्हाईक मला घड्याळ का बंद पडतं ते समजावून सांगत होतं, तेवढ्यात कात्रीबाई आल्या, त्यांनी त्याच्या कोटाच्या बाहीचा धागा कचकन कापला आणि आल्या वाटेने निघून गेल्या. तो माणूस घाबरून निम्मं बोलणं विसरला.

आमच्या दोन घरांच्या मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. त्यांच्या बाजूला बाग, माझ्या बाजूला जंगल. मी दिवसभर डोळ्याला भिंग लावून वाकलेला असतो, संध्याकाळी पुन्हा वाकायची इच्छा होत नाही. हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. त्यांचं म्हणणं, सरळ आळशी आहे म्हणा की.

त्यांच्या बागेत रुडबेकिया होती. नाव ऐकून मला आधी ते खोकल्याचं औषध वाटलं होतं. पिवळ्याधमक पाकळ्या आणि मधोमध गडद तपकिरी, जवळजवळ काळा गोंडा. निवृत्तीच्या दिवशी त्यांना हे बी काजवालीने दिलं. काजवाली म्हणजे त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून काजं तपासणारी मैत्रीण. सव्वीस वर्षं दोघींनी डबा एकत्र खाल्ला, भांडणंही तिथेच केली. काजवाली मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला चालली होती, तिथे मातीचं नाव नव्हतं. बी तिच्या आईच्या परसातलं. बाजारातल्या फुलांपेक्षा एक गोष्ट वेगळी होती, पाकळ्यांच्या बुडाशी तांबूस कडं असायचं. "सांभाळ," ती म्हणाली होती. "मला जमीन मिळाली की मागून घेईन."

आणि कात्रीबाईंनी ती फुलं सांभाळली, यात शंका नाही. दिवसभर ऊन लागेल अशी जागा निवडली. पानं केसाळ असतात, त्यांवर पाणी साचलं की पांढरी भुरी धरते, म्हणून झारीचं तोंड काढून पाणी बुंध्यालाच घालायच्या. दाट उगवलेली रोपं जीव घट्ट करून विरळ केली. जोराच्या वाऱ्यात काड्यांचे आधार दिले. पण खरी मौज पुढे होती. या झाडाचं सुकलेलं फूल वेळेवर कापलं की ते आणखी फुलतं. म्हणजे कात्री मागणारं झाड. बाईंना आणखी काय हवं होतं? रोज सकाळी उठून त्या कोमेजलेलं प्रत्येक फूल कापत. तीन वर्षांत त्या वाफ्यात एक फूल वाळलेलं मी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्या सहा आठवडे लेकीकडे राहिल्या. झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. ते मी केलं, म्हणजे बऱ्यापैकी केलं. फुलं कापायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या परत आल्या तेव्हा सगळा वाफा काळ्या-तपकिरी बोंडांनी भरलेला होता, आणि नव्या डोळ्यांनी त्यांना ते जरा जास्तच स्पष्ट दिसलं. त्यांनी दोन तास बसून सगळी बोंडं छाटली, घमेलं भरलं आणि भिंतीवरून माझ्या अंगणात ओतलं.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"तुमच्याकडे काय, तसंही चालतं," त्या म्हणाल्या आणि घमेलं झटकून आत गेल्या.

माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, ज्याने टाकलं त्याने उचलावं. तो ढीग मी तसाच ठेवला आणि दोन-अडीच महिने त्यांच्याशी बोललो नाही. एकटा माणूस अबोला धरतो तेव्हा त्याचेच जास्त हाल होतात, कारण संध्याकाळचा चहा त्यांच्याकडून भिंतीवरून यायचा.

अबोला त्यांनीच मोडला. थंडी सरत आली होती. त्या दुकानात आल्या, कुणाचाही धागा न कापता स्टुलावर बसल्या आणि काजवालीचं पत्र माझ्यापुढे ठेवलं. काजवालीला तळमजल्यावर खोली मिळाली होती, मागे दोन वाफ्यांपुरती जागा होती. दीड महिन्याने येते, असं तिने लिहिलं होतं. माझी फुलं न्यायला येते. रोपं नसली तर बी चालेल.

"मग द्या की," मी म्हणालो.

"झाडं गेली. थंडीत एकेक करून काळी पडली. मला वाटलं, फुटतील परत."

तेव्हा मला कळलं की भिंतीपलीकडे काय झालंय ते मी पाहिलंही नव्हतं. "आणि बी?"

"बी वाळलेल्या फुलात असतं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी गळ्यातली कात्री मुठीत धरली.

हे झाड दोन-तीन वर्षंच जगतं, नंतर स्वतःचं बी टाकून पुढे जातं. कात्रीबाईंनी त्याला एकदाही बी टाकू दिलं नव्हतं. जे एकदाच धरलं होतं ते माझ्या अंगणात ओतलं होतं. आम्ही दोघं लगेच त्या ढिगापाशी गेलो आणि तो काठीने उपसला. आत अवकाळी पावसाने कुजलेला काळा लगदा होता, त्यातून काही मिळण्यासारखं नव्हतं. मला पहिल्यांदाच त्यांची दया आली, आणि माझ्या अडीच महिन्यांच्या हट्टाची लाजही वाटली.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी रोपवाटिकेतून रुडबेकियाची सहा रोपं आणून भिंतीवर ठेवली. एकाला फूल आलेलं होतं, पिवळं आणि काळं, बुडाशी कडं नव्हतं. ते एक मी खुडून टाकलं.

"आता लावा," मी म्हणालो. "फुलेपर्यंत कुणाला काय कळतंय? आणि फुलल्यावर म्हणायचं, जमीन बदलली की रंग बदलतो."

त्यांनी रोपं लावली. दोन दिवस पाणीही घातलं. तिसऱ्या दिवशी सहाच्या सहा पुन्हा कुंड्यांत भरून माझ्या दारात आणून ठेवली.

"आमच्या टेबलावरून एक शर्ट खोटा पास झाला नाही," त्या म्हणाल्या. "शेजारी तीच बसलेली असायची. तिलाच खोटी चिठ्ठी देऊ? येऊ दे तिला, सांगते तोंडावर."

"आणि ती बोलायची बंद झाली तर?"

"तर झाली," त्या म्हणाल्या. पण सव्वीस वर्षांच्या मैत्रिणीला गमावण्याची भीती त्यांच्या चेहऱ्यावर साफ दिसत होती. मी चहा टाकला.

काजवाली यायला आठवडा राहिला तेव्हा कात्रीबाई खुरपं घेऊन माझ्या अंगणात हजर झाल्या. पाहुणी भिंतीपाशी उभी राहणार आणि हा उकिरडा बघणार, ते त्यांना चालणार नव्हतं. मी विरोध केला नाही. मी खुर्ची टाकून सूचना देत बसलो. भिंतीच्या कडेने गवत माजलं होतं, ते त्या मुठीमुठीने उपटत सरकत होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला.

"भिंग आणा तुमचं," त्या म्हणाल्या.

गवताच्या आत, भिंतीच्या बुडाशी, जमिनीला चिकटलेली चार-पाच पानांची बारकी चक्रं होती. मी रोज तिथून जात होतो, माझ्या लेखी तो पाला होता. कात्रीबाईंनी एक पान दोन बोटांत धरून हलकेच चोळलं. शिवणीवरून बोट फिरवताना करायच्या तसे डोळे मिटले होते. पान खरखरीत होतं, मला भिंगातून त्यावरचे केस दिसले. ढीग कुजला होता, पण पावसाच्या पाण्याने त्यातलं थोडं बी वाहून भिंतीच्या कडेला लागलं असावं. आम्ही शोधून शोधून अकरा रोपं काढली. उपटलेल्या गवतात किती गेली ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही.

"तुमच्या आळशीपणाचं भलं होवो," त्या म्हणाल्या आणि तिथेच मातीत बसून रडल्या. मी खुर्चीतून उठून त्यांच्या शेजारी बसलो, कंबर दुखली तरी.

काजवाली रविवारी आली. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, हातात रिकामी पिशवी. तिला बसूही न देता कात्रीबाईंनी दारातच सगळं सांगून टाकलं.

"तुझी झाडं माझ्या हातून गेली. बी धरूच दिलं नाही मी. ह्यांच्या अंगणात अकरा रोपं सापडलीत, तुझीच असतील, पण फुलल्याशिवाय मी शपथ घेणार नाही."

काजवालीने रिकामी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "आईचं तेवढंच होतं गं माझ्याकडे."

"ठाऊक आहे."

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं, शेवटची फुलं कापू नकोस. तुझा हात मला माहीत नाही का? पण म्हटलं, हिला कशाला शिकवा, हिला राग येतो." तिने चष्मा पुसला. "दाखव चल."

तिने सहा रोपं मुळांभोवतीच्या मातीसकट ओल्या फडक्यात बांधून घेतली आणि पाच ठेवली. "एकीची गेली तर दुसरीकडे असू देत," ती म्हणाली. जाताना दोघी फाटकाशी एवढा वेळ बोलत उभ्या राहिल्या की तिची बस चुकली. मग ती मुक्कामालाच राहिली.

ती गेल्यावर कात्रीबाई दुकानात आल्या. गळ्यातली नाडी काढली आणि कात्री माझ्या टेबलावर, दुरुस्तीला आलेल्या घड्याळांच्या शेजारी ठेवली.

"माझा हात आपोआप जातो. बी धरेपर्यंत तुमच्याकडे राहू दे. मी मागितली तरी द्यायची नाही."

मी गिऱ्हाइकांना देतो तशी पावती त्यांना लिहून दिली. वस्तू, कात्री एक. बिघाड, नाही. ती त्यांनी नीट घडी करून कनवटीला लावली.

पाचही रोपं भिंतीच्या माझ्याच बाजूला वाढली, कारण हलवायची आमची छाती झाली नाही. मी झारीचं तोंड काढून पाणी घालायला शिकलो. ऊन तापू लागलं आणि पहिली कळी आली तेव्हा बाई दिवसातून चार वेळा भिंतीपाशी येऊन बघून जात. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. पाकळ्या उलगडल्या होत्या, आणि बुडाशी तांबूस कडं होतं. त्याच आठवड्यात काजवालीचं पत्र आलं, तिच्याकडेही तेच. कात्रीबाईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

परवा हवेत गारवा आला. झाडांवरची शेवटची बोंडं आता वाळत आलीत, दाबली की कुरकुरतात, अजून थोडे दिवस हवेत. संध्याकाळी बाई चहा घेऊन दुकानात आल्या.

"माझी कात्री जरा द्या."

"मागितली तरी द्यायची नाही, असं ठरलंय."

"तुमच्या बाहीचा धागा लोंबतोय. मला बघवत नाही."

मी पाहिलं, खरंच लोंबत होता. कात्री दिली. त्यांनी धागा कापला. मग कात्री हातात तशीच धरून मागच्या दारात गेल्या आणि त्या काळ्या बोंडांकडे पाहत राहिल्या. थोड्या वेळाने त्या आत आल्या आणि कात्री माझ्या टेबलावर ठेवून चहाचा कप उचलून घरी गेल्या.