मागच्या सीटवर कोणी नसताना

“ताई, शनिवारी गिऱ्हाईक येतंय. हिच्या पाठीला सोसत नसेल, तर गाडी विकून टाकतो,” निमकर म्हणाले. शेजारी त्यांच्या पत्नी, सुधाताई, कमरेला पट्टा बांधून उभ्या होत्या.

आर्या, नील, जर्मनीत वोल्फ्सबुर्गच्या ज्या वर्कशॉपमध्ये तुमची ही आजी रिटायर झाल्यावरही कामाला जाते, तिथली ही गोष्ट. निमकरांची गाडी त्यांच्या लग्नाइतकी जुनी. दर रविवारी दोघं तिच्यातून तळ्यावर जायचे. सुधाताईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि ते थांबलं.

“अहो, मला जायचंय हो,” सुधाताई म्हणाल्या. “पण तुमची गाडी मला पोत्यासारखी आपटते.”

आमचा मालक युर्गेन म्हणाला, “मागचे शॉक अॅब्सॉर्बर गेलेत. नंबर वाचा, तसेच नवे मागवा.”

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. स्प्रिंगचं उसळणं आवरतो तो शॉक अॅब्सॉर्बर. मी गाडीचा मागचा कोपरा जोरात दाबून सोडला. शॉक अॅब्सॉर्बर गेला असता तर गाडी डोलत राहिली असती. ही जेमतेम हलली. मग नळीवरचा रंग खरवडून नंबर वाचला. तो याच गाडीच्या मालवाहू मॉडेलचा, जड ओझ्यासाठी बनवलेल्या कडक शॉक अॅब्सॉर्बरचा निघाला. म्हणजे तसेच नवे बसवले असते, तर दणके तसेच राहिले असते.

“अहो निमकर, हे कोणी बसवले?”

“मीच. दर उन्हाळ्यात सासू-सासरे यायचे. मागे ते दोघं, मध्ये आमची मुलगी, डिकीत पापड-लोणची. गाडी खड्ड्यात टेकायची.”

“माझ्या आईच्या लोणच्याला नावं ठेवू नका.”

“नावं कुठे ठेवतोय? येऊ देत की अजून.”

सासू-सासरे आता नाहीत. मुलगी व्हँकूव्हरला असते. गाडी मात्र अजून सगळ्यांचं ओझं धरून ताठ उभी होती.

“आल्झो, म्हणजे असं तर,” युर्गेन घसा खाकरून म्हणाला, “मूळ मॉडेलचे मागवू.”

लांबी आणि बोल्टची जागा मोजून मऊ जोडी मागवली. शुक्रवारी बसवली. टेस्ट ड्राइव्हला मी मागे बसले. दगडी रस्ता लागला तसा सुधाताईंनी दरवाजाचा दांडा घट्ट धरला. थोड्या वेळाने सोडला.

“अहो, वर्कशॉपकडे कशाला वळताय? तळ्यावर चला. आणि त्या गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणून सांगा.”

निमकरांनी जुनी जोडी टाकू दिली नाही. पुसून डिकीत ठेवली.

धडा एवढाच: शॉक अॅब्सॉर्बर निवडताना गाडीत आज किती माणसं बसतात ते बघावं. या नियमाने माझ्या गाडीचेही मागचे कधीच बदलायला हवेत. मी अजून बदललेले नाहीत. उन्हाळ्यात येताय ना, ते आईला विचारून कळवा.